मूर्ती शाळेत नको, वहीत हवी

दरवर्षी वसंत पंचमी जवळ आली की आपल्या शाळेत एकच विचारणा सुरू होते, "यंदा बासरची सहल केव्हा?" आपल्यातल्या कितीतरी पालकांनी मुलांचा हात धरून त्यांच्याकडून पहिले अक्षर बासरच्या ज्ञानसरस्वतीसमोर गिरवून घेतले आहे. त्यातल्या काहींचे स्वतःचे पहिले अक्षरही तिथलेच. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात गेलेले हे गोदाकाठचे गाव आपल्या मराठी घरांना कधी परके वाटले नाही. नांदेड, धर्माबादकडून येणारी माणसे आणि निजामाबादकडून येणारी माणसे तिथे एकाच रांगेत उभी असतात. गावाचे मूळ नाव व्यासर होते, मराठी जिभेने त्याचे बासर केले, असेही सांगतात. म्हणजे गावाच्या नावातच आपला थोडा वाटा आहे.

यंदा सहलीच्या निमित्ताने एक वेगळाच विषय निघाला आहे. आपल्या एका पालकांच्या शेतात नांगरताना एक कोरीव दगड निघाला. "जुनी घडवलेली मूर्ती दिसते, शाळेला देतो, आवारात ठेवा," असे त्यांनी मोठ्या मनाने कळवले. ते ऐकून आणखी दोन घरांनी देव्हाऱ्यातल्या जुन्या पितळी मूर्ती देण्याची तयारी दाखवली. बघता बघता 'शाळेचे मूर्तिसंग्रहालय' अशी कल्पना विश्वस्तांपुढे गेली. कल्पना मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण मी या शाळेत बरीच वर्षे चित्रकला शिकवली आहे आणि या विषयात स्वतःच्या घरात एक चूक करून बसलो आहे. म्हणून माझे मत वेगळे आहे, आणि ते या पानावर स्पष्ट मांडणे मला कर्तव्य वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मूर्ती जिथे आहे तिथेच राहू द्यावी. शाळेने तिची नोंद करावी. दगड आणि पितळ गोळा करणे हे आपले काम नव्हे. त्यांची माहिती गोळा करणे हे मात्र आपले काम आहे, आणि ते आपल्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही.

बासरची मूर्ती काय शिकवते

सुरुवात बासरपासूनच करू. कुरुक्षेत्राच्या युद्धानंतर मनाला शांती मिळावी म्हणून व्यास गोदावरीच्या काठी आले. रोज स्नान करून ते नदीतून मुठीने वाळू आणीत, आणि त्या वाळूतून सरस्वती, लक्ष्मी व काली अशा तीन देवींच्या मूर्ती घडल्या, अशी कथा आहे. देवीला हळदीचा लेप असतो आणि तीच हळद प्रसाद म्हणून आपण जिभेवर ठेवतो. आता मुलांनो, विचार करा. सोने नाही, रत्न नाही, कथा वाळूची आणि वर हळदीचा थर. बाजारातल्या माणसाने काय भाव केला असता? तरीही इतक्या दुरून लोक येतात, कारण ती मूर्ती त्या घाटाची, त्या नदीची आणि त्या कथेची आहे. तिथून उचलून ती दुसरीकडे ठेवली तर उरेल काय?

जी गोष्ट बासरच्या देवीची, तीच आपल्या शिवारातल्या प्रत्येक जुन्या दगडाची. गावाच्या वेशीवर असतो तो वीरगळ घ्या. त्यावर बहुधा खालून वर वाचायचे चौकोन असतात. खाली लढाई, मध्ये धारातीर्थी पडलेल्या वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर तो वीर शिवलिंगाची पूजा करताना. आपले तेलुगू शेजारी त्याला वीरगल्लु म्हणतात. तो वीर त्या वेशीवर, त्या गावाची गुरे किंवा माणसे राखताना पडला म्हणून दगड तिथे उभा आहे. तो आणून शाळेच्या झेंड्याच्या खांबाशेजारी सिमेंटात बसवला तर शोभेचा दगड होईल, वीरगळ राहणार नाही. सतीच्या दगडावरचा बांगड्या घातलेला हात, सप्तमातृकांची ओळ, पिंपळाखालच्या नागशिळा, या सगळ्यांचा अर्थ त्यांच्या जागेत आहे.

घडवणाऱ्यांची आठवण

जुन्या धातुमूर्तीचे मोल कळायचे तर ती कशी होते हे आधी माहीत हवे. आपल्याला त्यासाठी लांब जायला नको. जुन्या हैदराबाद संस्थानात असलेले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचे कल्याण. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळे त्यात आहे आणि मूर्ती ओतण्याची कृतीही आहे. तिला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मेण.

आधी मेणाची मूर्ती करायची. तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, पहिला लेप अगदी बारीक मातीचा, कारण दागिन्याची नक्षी त्यात उमटायची असते. लेप वाळला की तो तापवायचा, मेण वितळून बाहेर जाते आणि मातीच्या आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. मेण आधीच तोलून ठेवायचे आणि तांबे किंवा पितळ त्याच्या आठपट घ्यायचे, असा हिशेबही ग्रंथात दिला आहे. धातू निवला की मातीचा साचा फोडायचा. साचा फुटला म्हणजे त्या मूर्तीची दुसरी जोडी होणे नाही. आज दुकानात मिळणाऱ्या एकसारख्या शंभर मूर्ती आणि आजीच्या देव्हाऱ्यातली घासून गुळगुळीत झालेली मूर्ती यांत फरक असतो तो हा.

दगडाचे शास्त्र वेगळे. आपण राहतो तो मुलूख दोन दगडांच्या सीमेवर आहे. नांदेडकडे काळा बेसाल्ट, निजामाबाद व हैदराबादकडे ग्रॅनाइट. ग्रॅनाइट कठीण आणि भरड, त्यात बारीक नक्षी काढणे जिकिरीचे. बारीक कणांच्या काळ्या दगडात मात्र कारागिराने हाराचा मणी न् मणी वेगळा काढलेला दिसतो. देगलूरजवळच्या होट्टलच्या चालुक्यकालीन देवळाकडे कधी गेलात तर भिंतीवरच्या मूर्तींच्या दागिन्यांकडे नुसते पाहत उभे राहा. आदिलाबादजवळ जैनथला लक्ष्मीनारायणाच्या देवळात परमार राजा जगद्देवाच्या काळातला शिलालेख आहे. माळव्याच्या घराण्यातला राजपुत्र आपल्या भागात काय करत होता, हे तो दगड जागेवर राहिला म्हणून आपल्याला समजले.

आमच्या घरातली चूक

आता माझ्या घरची हकीगत. आमच्या देव्हाऱ्यात आजोबांच्याही आधीचे देव होते. रांगता बाळकृष्ण, महादेवाची पिंड, खंडोबा आणि भवानीचे टाक, आणि आईची अन्नपूर्णा. लग्नात आई मुलीला अन्नपूर्णा देते ही आपली रीत आहे. आईला तिच्या आईने दिलेली, तिला तिच्या आईने. किती पिढ्या मागे ती मूर्ती जाते हे कुणी मोजले नव्हते. वापराने तिचे नाक-डोळे झिजले होते. बाळकृष्णाचा लोण्याचा हात तुटलेला होता.

घर नवीन बांधले तेव्हा देव्हाराही नवीन केला. कुणीतरी म्हणाले, खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, दोष लागतो. जत्रेत भांड्यांची दुकाने येतात, तिथे जुने पितळ मोडीत देऊन नवे घेता येते. मी स्वतः देव कापडात गुंडाळून नेले. दुकानदाराने ते तराजूत टाकले, वजन केले, घट वजा केली आणि वरचे पैसे घेऊन नवे चकचकीत देव दिले. त्याने काही फसवले नाही. तो धातूचा व्यापारी होता, त्याने धातूचा भाव दिला. चूक आमची होती. आम्हीच देव तराजूत ठेवले होते.

पुढे काही वर्षांनी मुलांना घेऊन हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधल्या राज्य संग्रहालयात गेलो. धातुमूर्तींच्या दालनात एका लहानशा मूर्तीसमोर पाय थांबले. ती आमची होती असे मी म्हणत नाही. पण बैठक तशी, झीज तशी. तेव्हा आठवले की आमच्या अन्नपूर्णेच्या बैठकीखाली काही अक्षरे कोरलेली होती. लहानपणी देव घासताना माझ्या बोटाला ती लागत. ती मोडी होती की देवनागरी, कुणाचे नाव होते की साल, मी कधी वाचले नाही. उभा जन्म मुलांना "पाहा आणि काढा" असे शिकवणाऱ्या मास्तराने घरातल्या मूर्तीचे साधे पेन्सिलचित्रही काढले नव्हते. आई शेवटपर्यंत मला काही बोलली नाही. नव्या अन्नपूर्णेची पूजा मात्र ती सुनेला करायला सांगे, स्वतः करत नसे.

मूर्ती गेली याचे दुःख आहेच. पण तिची नोंद नाही, याचे दुःख जास्त आहे. नोंद असती तर निदान ती कशी होती हे तरी माझ्या नातवाला सांगता आले असते.

खंडित म्हणजे टाकाऊ नव्हे

पूजेत अखंड मूर्ती असावी ही परंपरा आहे आणि मी तिचा मान ठेवतो. पण पूजेतून काढणे वेगळे आणि नदीत टाकणे किंवा मोडीत घालणे वेगळे. गोदावरीचे पाणी उतरले की घाटाघाटाला आपली श्रद्धा चिखलात पडलेली दिसते. त्यात प्लास्टरचे गणपती असतात, फोटोच्या काचा असतात, आणि कधीतरी शंभर-दोनशे वर्षांचा एखादा दगडही असू शकतो.

खंडित वस्तू काय सांगू शकते ते पाहायचे तर कंधारला जावे. राष्ट्रकूटांच्या काळात गाजलेल्या या गावाजवळ, मानसपुरीला, क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे तुटलेले अवयव आहेत. पाऊल, हात असे सुटे भाग. मूर्ती अखंड नाही, पण ते तुकडे पाहूनच माणूस अवाक होतो. खंडित म्हणून कुणी ते फोडून पायात घातले असते तर एवढी मूर्ती या भागात उभी होती यावर आज कुणी विश्वास ठेवला नसता.

कोल्हापूरची महालक्ष्मी घ्या. धामधुमीच्या काळात ती लपवून ठेवावी लागली आणि १७१५ मध्ये विजयादशमीला तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. झीज झाली म्हणून १९५५ मध्ये वज्रलेप झाला, २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी रासायनिक संवर्धन केले. मूर्ती झिजली म्हणून कुणी ती बदलून चकचकीत नवी आणली नाही. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर शेंदराचे थर साचत गेले होते. २०२२ मध्ये मंदिर काही आठवडे दर्शनासाठी बंद ठेवून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हजार किलोहून अधिक शेंदूर उतरवला गेला आणि आतले मूळ रूप दिसले. तीही नीट विचार करून, पद्धतशीर केलेली गोष्ट होती. घासणी, ॲसिड आणि ऑइल पेंटचा डबा घेऊन उत्साही मंडळींनी एका रविवारी उरकलेले काम नव्हते. आपल्या गावोगावच्या मारुती-भैरवांवर असे रविवार फार येतात, म्हणून हे लिहावे लागते.

चोरीला गेलेले देव कशामुळे परत आले

आता 'नोंद' या शब्दावर मी इतका भर का देतो ते सांगतो.

तामिळनाडूत पाथूर नावाचे खेडे आहे. तिथल्या पडक्या शिवमंदिराजवळ १९७६ मध्ये खणताना एका मजुराला काही ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. त्यात बाराव्या शतकातला नटराज होता. तो हातोहात विकला जात लंडनला पोहोचला आणि १९८२ मध्ये कॅनडातल्या एका कंपनीने तो अडीच लाख पौंडांना घेतला. स्वच्छ करण्यासाठी दिलेला असताना लंडनच्या पोलिसांनी तो ताब्यात घेतला. मग खटला उभा राहिला. त्या पडक्या देवळाच्या वतीने आणि तिथल्या शिवलिंगाच्या वतीनेही इंग्रजांच्या न्यायालयात दावा मांडला गेला! पण देव वादी झाला तरी पुरावा माणसांनीच द्यायचा असतो. मूर्तीवर चिकटलेली माती आणि वाळवीच्या खुणा त्याच ठिकाणी सापडलेल्या दुसऱ्या मूर्तींशी ताडून पाहाव्या लागल्या. १९८८ मध्ये निकाल देवळाच्या बाजूने लागला, १९९१ मध्ये अपिलातही तो टिकला आणि नटराज भारतात परतला. मूर्तीचा एक जुना फोटो असता तर हे किती सोपे झाले असते!

फोटो असला तर काय होते तेही पाहा. तामिळनाडूतल्याच श्रीपुरंदान गावच्या देवळातला चोळकालीन नटराज चोरीला गेला आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो सुमारे ५० लाख डॉलरना विकत घेतला. कागदपत्रे खोटी होती. पण पाँडिचेरीतल्या फ्रेंच संस्थेचे लोक १९५६ पासून दक्षिणेतल्या देवळांचे फोटो काढून जपत आले होते. त्या फोटोंत हा नटराज होता. फोटोतली मूर्ती आणि कलादालनातली मूर्ती एकच, हे नाकारणे अशक्य झाले. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ती भारताला परत केली. विकणारा सुभाष कपूर २०११ मध्ये जर्मनीत पकडला गेला आणि २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने त्याला १० वर्षांची शिक्षा सुनावली.

उत्तर प्रदेशातल्या लोखारी गावची बोकडमुखी योगिनी इंग्लंडमध्ये एका घराच्या बागेत सापडली आणि २०२२ मध्ये परत मिळाली. तिचीही अभ्यासकांनी आधीच नोंद करून ठेवली होती. या सगळ्यांतून एकच गोष्ट दिसते. ज्यांची नोंद होती ते देव घरी आले. ज्यांची नोंद नव्हती ते कुठे आहेत हे विचारणार तरी कोण, आणि कशाच्या आधारे?

गंमत अशी की नोंद करताना सर्वांत उपयोगी पडते ती मूर्तीची खोट. 'ऑब्जेक्ट आयडी' नावाची नोंदीची पद्धत १९९७ पासून जगभरची संग्रहालये आणि पोलीस वापरतात. तिच्यात वस्तूच्या खास खुणा, म्हणजे टवका, भेग, डाग, दुरुस्ती, आवर्जून टिपायला सांगितल्या आहेत. नाक तुटलेले असते, बोट गेलेले असते, तीच तिची ओळख. ज्या खोटीपायी आपण देव बाहेर काढतो, तीच खोट त्याला घरी परत आणू शकते.

आक्षेप आणि उत्तरे

विश्वस्तांशी आणि काही पालकांशी बोलताना जे आक्षेप आले ते प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांचा विचार करतो.

पहिला आक्षेप, "जागेवर ठेवून चोरी झाली तर? शाळेत कुलूप तरी आहे." भीती खरी आहे. पण आपल्या शाळेला रात्रीचा एक वॉचमन आहे आणि प्रयोगशाळेच्या खिडक्यांना नीट कड्या नाहीत. वीस मूर्ती एका खोलीत आणणे म्हणजे चोराच्या वीस फेऱ्या वाचवणे. शिवाय वेशीवरच्या दगडाला अख्खे गाव ओळखते. तो हलला तर सकाळी बोंब होते.

दुसरा आक्षेप कायद्याचा. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींना १९७२ चा पुरावशेष व बहुमोल कलावस्तू कायदा लागू होतो. तो १९७६ पासून अमलात आहे. अशा मूर्तीची सरकारी नोंदणी करावी लागते, ती दुसऱ्याला दिली तर कळवावे लागते, आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही. चोरून परदेशी पाठवणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. काही पालकांना वाटते की नोंदणी केली की सरकार देव घेऊन जाईल. नोंदणी म्हणजे जप्ती नव्हे. देव तुमच्या देव्हाऱ्यातच राहतो. शेतात सापडलेल्या दगडाची गोष्ट मात्र निराळी. जमिनीतून निघालेली जुनी वस्तू तहसीलदारामार्फत सरकारला कळवायची असते, ती परस्पर शाळेला देता येत नाही आणि शाळेने घेऊही नये. आपल्या त्या पालकांनी आधी तहसील कार्यालयात अर्ज द्यावा. त्यांच्यासोबत जायला मी तयार आहे.

तिसरा आक्षेप एका आजींचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, देवाचं माप घ्यायचं का? देव काय कापड आहे?" मी त्यांना एवढेच विचारले, की आजी, देवाला अंगरखा शिवता तेव्हा माप घेता ना? त्या हसल्या. पण त्यांचा संकोच मुलांनी लक्षात ठेवावा. घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय देव उचलायचा नाही, आणि त्या नाही म्हणाल्या तर नाही. मग दुरून पाहून चित्र काढा.

चौथा आक्षेप, "नोंदवही चोराच्या हाती लागली तर त्याला यादीच मिळेल." बरोबर आहे. म्हणून वही कपाटात कुलपात राहील, तिचे फोटो वॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर जाणार नाहीत, आणि प्रत्येक घराची नोंद त्या घरालाच दिली जाईल. या पत्रिकेतही कुणाच्या घरी काय आहे ते छापले जाऊ नये.

मग करायचे काय

माझी विश्वस्तांना विनंती आहे की संग्रहालयाच्या खोलीसाठी जो निधी ठेवण्याचा विचार आहे, त्याचा लहानसा भाग 'मूर्तिवही'साठी द्यावा. त्यातून एक जाड वही, दोन मोजपट्ट्या, एक वजनकाटा आणि कुलपाचे कपाट घ्यावे. बाकीचे पैसे खिडक्यांच्या कड्यांना लावावेत.

आठवी-नववीच्या मुलांनी सुरुवात आपापल्या देव्हाऱ्यापासून करावी. प्रत्येक मूर्तीसाठी एक पान. मूर्ती कुणाची, धातूची की दगडाची. उंची, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये, धातूची असेल तर वजन. हात किती, कुठल्या हातात काय, वाहन कोणते. कुठे झिजली, कुठे तुटली. पाठीवर किंवा बैठकीखाली अक्षरे असतील तर ती जशी दिसतात तशी उतरवून घ्यायची, नखाने किंवा टाचणीने खरवडायची नाहीत. चारही बाजूंनी फोटो, शेजारी पट्टी ठेवून. फोटो आणि नोंद होईपर्यंत चिंच, लिंबू, पावडर काही लावायचे नाही. आणि शेवटी पानभर हकीगत. ही मूर्ती घरात कुठून आली, कुणाच्या लग्नात आली, कुठल्या गावाहून बैलगाडीने किंवा रेल्वेने आली. ही हकीगत आजीला विचारा, आजच विचारा. आपली घराणी कुठून कुठून इथे येऊन स्थिरावली याचा इतका चांगला इतिहास दुसऱ्या कुठल्या कागदात सापडणार नाही.

घरे झाली की गावातली वेस, पार, विहीर. तिथे गावकऱ्यांना विचारून, तेलुगू शेजाऱ्यांनाही बरोबर घेऊन. दगड त्यांचाही आहे, आणि पुष्कळदा आपल्याला माहीत नसलेले नाव त्यांना माहीत असते. दगडावर खडू, तेल, पाणी काही घालायचे नाही.

चित्राबद्दल शेवटचे सांगतो. फोटो क्षणात निघतो आणि डोळा लगेच मोकळा होतो. चित्र काढायला बसले की अर्धा तास त्या मूर्तीकडे पाहावेच लागते. मग कळते की डावा हात नुसता लटकत नाही, त्यात बीजपूरक आहे. कळते की कारागिराने पाठही घडवली आहे, जी कुणाला दिसणार नव्हती. मुलांनी फोटो काढावा, पण चित्रही काढावे, कसेही येवो. मी तपासून गुण देणार नाही.

यंदा बासरला गेलात की गाभाऱ्यात कॅमेरा काढू नका, तिथे हात जोडा. बाहेर आल्यावर घाटाच्या पायरीवर बसा आणि पाहिलेले आठवून वहीत काढा. जिथे कितीतरी मुले पहिले अक्षर गिरवतात, तिथे आपल्या मूर्तिवहीचे पहिले पान लिहिले जावे अशी माझी इच्छा आहे.

आणि पालकहो, दिवाळीपूर्वी देव्हारा आवराल, जुने देव कापडात गुंडाळाल, तेव्हा एकदा मूर्ती उलटी करून बैठकीखाली पाहा. काही अक्षरे असतील तर ती वाचा. मी वाचली नाहीत.

— या शाळेचा एक माजी चित्रकला शिक्षक